वेस्ट इंडिज २७ ऑलआउट, आन आमच्या टीमचं नाव

कापूसकोंड्या
राम राम मंडळी. भानगड आमच्या गावातली आहे, पण तिचं मूळ जमैकात आहे, म्हणून इथं धागा काढतो.

आमच्या गावात (दारव्हा तालुका, यवतमाळ) वरल्या पुऱ्याच्या टीमला चाळीस वर्षांपासून लोक 'वेस्टइंडीज' म्हणतात. बारसं कोणी केलं नाही. ८३च्या हिवाळ्यात क्लाइव्ह लॉइडची वेस्ट इंडिज टीम भारतात आली. वर्ल्ड कप आपण नेला म्हणून चिडलेलीच होती. सहापैकी तीन टेस्ट आणि पाचच्या पाच वनडे जिंकून गेली. त्याच हिवाळ्यात आमच्या मोठ्या काकांच्या टीमनं खालच्या पुऱ्याला तीन मॅच मिळून शंभर रन करू दिले नाहीत. तुराट्यांचे स्टंप, सुताराकडून घडवलेली बॅट, कॉर्कचा बॉल. काकांचा रनअप मारुतीच्या ओट्यापासून सुरू व्हायचा. मध्येच बैलगाडी आडवी आली की ती निघून जाईपर्यंत समोरचा गडी बॅट धरून तसाच उभा. गावात काकांना अजून 'मार्शल' म्हणतात, लॉइडच्या टीममधल्या फास्ट बॉलरवरून. खरं नाव रेशन दुकानदाराला माहीत असेल.

आता यंदा कापसाच्या पहिल्या वेच्यानंतर टुर्नामेंट आहे, पोट्टे जर्सी छापायला टाकत आहेत आणि म्हणतात नाव बदला. जुलै २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियानं वेस्ट इंडिजला जमैकातल्या सबिना पार्कवर २७ मध्ये गुंडाळलं, तेव्हापासून खालच्या पुऱ्याचे पोट्टे टॉसच्या आधीच 'सत्तावीस, सत्तावीस' ओरडतात. त्यात सप्टेंबरात नेपाळनंही शारजात टी-ट्वेंटी मालिका २-१ नं घेतली. काका मात्र हटून बसले आहेत.

तर नाव बदलावं का? आणि एवढी मोठी टीम अशी मातीत कशी गेली, हे कोणी नीट सांगेल का? काकांना विचारलं तर ते फक्त थुंकतात.

तर्रीपोहे
सरळ '२७' हेच नाव ठेवा. जर्सीवर वेगळा नंबर छापायचा खर्च वाचेल.

गावठी_गार्नर
त्या २७ मधले पन सगये त्यायचे नाहीत बावा. २६ वर होते, कॉन्स्टासच्या हातून बॉल सुटला म्हनून एक रन भेटला. नाहीतर न्यूझीलंडच्या १९५५ च्या २६ ची, टेस्टमधल्या सगयात कमी स्कोरची, बरोबरी झाली असती. सात जन भोपया घेऊन गेले. स्टार्कची शंभरावी टेस्ट होती, त्यानं ९ रनात ६ घेतल्या. रात्रभर जागलो मी. सकायी म्हशीचं दूध काढाले हात उचलत नव्हता.

निवृत्त_मास्तर
धागाकर्त्यास आशीर्वाद. काकांना माझा नमस्कार सांगणे.

आजच्या मुलांना एक गोष्ट ठाऊक नसते. त्यांच्या वेगवान गोलंदाजांच्या तोफखान्याच्या जन्मात आपलाही हात आहे. एप्रिल १९७६, पोर्ट ऑफ स्पेन. लॉइडने तीन फिरकी गोलंदाज खेळवले आणि चौथ्या डावात आपल्यापुढे ४०३ चे लक्ष्य ठेवले. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर ८५. आपण ४ बाद ४०६. काही महिन्यांपूर्वीच लिली आणि थॉमसन यांनी ऑस्ट्रेलियात त्यांना ५-१ असे झोडपले होते. लॉइडने दोन्ही प्रसंगांचा एकच अर्थ काढला, फिरकी गुंडाळून ठेवली आणि वेग आणला.

लगेच पुढची कसोटी किंग्स्टनला, त्याच सबिना पार्कवर. गायकवाडच्या कानावर चेंडू बसला, विश्वनाथचे बोट मोडले. दुसऱ्या डावात आपण ५ बाद ९७ आणि डाव समाप्त. मी तेव्हा शिक्षक होण्याच्या तयारीत, वसतिगृहात. पेपर दोन दिवस शिळा यायचा. धावफलकात पाच नावांपुढे 'जखमी, गैरहजर' असे छापले होते. मला वाटले छपाईची चूक आहे. मी पेन्सिलने दुरुस्त करायला बसलो होतो.

त्यानंतर १९८० च्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये एक मालिका हरले, ते थेट १९९५ मध्ये मायदेशी ऑस्ट्रेलियाकडून हरले. मधली पंधरा वर्षे, २९ मालिका, एकही पराभव नाही. १९८४ मध्ये इंग्लंडला त्यांच्या घरात ५-०. रिचर्ड्सने कर्णधार म्हणून एकही मालिका गमावली नाही.

तर्रीपोहे
गुरुजी, पेन्सिलचं वाचून चहा सांडला.

रानडुक्कर
मास्तरांचा इतिहास पक्का आहे, पण धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात आहे. पैसा. आयसीसीच्या (जागतिक क्रिकेट मंडळ) २०२४ ते २७ च्या कमाईच्या वाटपात भारताला ३८.५ टक्के आणि वेस्ट इंडिजला साडेचारच्या आसपास. त्यात डझनभर बेटांची बडदास्त. एका बेटावरून दुसऱ्यावर घरगुती मॅच खेळायला जायचं तरी विमान. आपल्याकडे अकोल्याची टीम नागपूरला महाराष्ट्र एक्सप्रेसनं जाते, डब्यात झुणका-भाकर घेऊन. त्यांना ती सोय नाही.

खेळाडूला दोन महिन्यांच्या लीगमध्ये वर्षाचा पगार सुटतो. निकोलस पूरन २९ व्या वर्षी देशाच्या टीमला रामराम करून मोकळा झाला. २०१४ आठवतं ना? पगाराच्या भांडणावरून वेस्ट इंडिजवाले धर्मशाळेच्या वनडेनंतर भारताचा दौरा अर्ध्यात टाकून गेले. आपल्या बोर्डानं जवळपास सव्वाचार कोटी डॉलरचा दावा लावला होता.

हळदीचं_पान
@रानडुक्कर, दादा, तारखा जुळत नाहीत. टी-ट्वेंटी लीग २००८ नंतरच्या. घसरण तर १९९५ लाच सुरू झाली होती. १९९६ च्या वर्ल्ड कपात पुण्यात केनियानं १६६ केले आणि हे ९३ मध्ये आटोपले. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेला जाताना खेळाडू पैशासाठी लंडनच्या विमानतळावर अडून बसले, मग गेले आणि टेस्ट ५-० हरले. २००४ मध्ये इंग्लंडनं सबिना पार्कवरच ४७ मध्ये काढलं. तेव्हा कुठं होती लीग? भुंगा लागला तो आधीच लागला. लीगवाल्यांनी नंतर भुसा झाडला.

मुळशीवाला_पण_मूळचा_मूर्तिजापूरचा
केनियाची मॅच! मी होतो तिथं. पुण्याला शिकायला नवाच गेलेलो, खोलीतले चौघं नेहरू स्टेडियमवर लारा बघायला गेलो. तिकिटासाठी महिन्याची मेस बुडवली. केनियाच्या कीपरला चष्मा, पोट सुटलेलं, हातातून बॉल निसटत होते, आम्ही त्याला हसत होतो. त्याच माणसानं लाराचा झेल घेतला. मॅच संपली तेव्हा केनियाचे खेळाडू मैदानाला चक्कर मारत होते आणि स्टेडियम त्यांच्यासाठी ओरडत होतं. मीही ओरडलो. वसतिगृहात परतल्यावर मात्र सुतकात बसल्यासारखं झालं.

आणि गंमत म्हणजे तीच टीम पुढं कराचीत लाराच्या १११ वर दक्षिण आफ्रिकेला घरी पाठवून मोहालीत सेमीफायनल खेळली. २०८ करायचे होते, २ बाद १६५ वरून २०२ ऑलआउट. पाच रनांनी गेली. मला विचाराल तर टीम मेली ती त्या संध्याकाळी.

गावठी_गार्नर
केनिया कुठी गेली मंग? २००३ ले सेमीफायनल खेयली आन गायब. वेस्ट इंडिजचं सुतक तीस वर्ष चाल्लं, केनियाले तेराव्याले पन कोनी गेलं नाही.

संत्राबर्फी
मूळ मुद्दा कोणी बोलतच नाहीये. वेस्ट इंडिज नावाचा देशच नाही. १९५८ मध्ये दहा वसाहतींचं संघराज्य केलं होतं. १९६१ मध्ये जमैकानं मतदान घेऊन अंग काढलं. त्रिनिदादचे एरिक विल्यम्स तेव्हा म्हणाले होते की दहातून एक गेला की उरतं शून्य. १९६२ मध्ये कारभार बंद. उरलं फक्त क्रिकेट. म्हणजे सात-बारा नावावर नाही, पण वहिती मात्र चालू.

आपल्याला हे समजायला काय अवघड? विदर्भ राज्य नाही, पण रणजी टीम आहे. जिल्हे पण बरोबर अकरा.

तर्रीपोहे
बारावा गडी म्हणून किनवट घ्या. त्यांना कोणी विचारत नाही तसंही.

किनवटकर_शांत
पाणी आम्हीच न्यायचं का नेहमी?

रानडुक्कर
वेगळा विदर्भ झाला असता तर १९५३ च्या नागपूर करारापासून आजपर्यंतचा अनुशेष

चौकीदार (संपादक)
राजकारण नको. वरचा प्रतिसाद अर्ध्यात कापला आहे. वेगळ्या विदर्भासाठी वेगळा धागा आहे, तोही बंद आहे.

जामठा_एक्सप्रेस
विदर्भाचं नाव निघालंच आहे तर लिहितो. वेस्ट इंडिजची गोष्ट उलटी वाचली की विदर्भाची होते.

१९५७-५८ पासून आपण रणजी खेळतोय. पहिला कप २०१७-१८ ला, इंदूरला दिल्लीला हरवून. मधली साठ वर्षं आपल्याशी मॅच म्हणजे मुंबईवाल्यांना रजेचे दिवस. मग काय बदललं? मोठा खेळाडू आभाळातून पडला नाही. अकादमी निघाली, लहान वयाच्या टीमकडे लक्ष गेलं, चंद्रकांत पंडितसारखा कडक कोच आणला, वसीम जाफरसारखा म्हातारा वाघ ड्रेसिंग रूममध्ये बसवला. लगेच दुसऱ्या वर्षी पुन्हा कप. २०२४-२५ ला तिसरा, तोही नागपूरच्या जामठ्यावर. हर्ष दुबेनं त्या एका हंगामात ६९ विकेट घेतल्या. रणजीत एका हंगामात एवढ्या कोणीच घेतल्या नव्हत्या.

उमेश यादवचं बघा. खापरखेड्याचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा. लेदर बॉल हातात उशिरा आला. विदर्भाकडून टेस्ट खेळलेला पहिला गडी, आणि पहिली टेस्ट कोणाविरुद्ध? नोव्हेंबर २०११, दिल्ली, वेस्ट इंडिज. २०१८ ला हैदराबादला त्यांच्याच दहा विकेट काढल्या. काकांना सांगा, मार्शलच्या देशाला फास्ट बॉलिंग दाखवायला आता आपल्याकडून माणूस जातो.

वेस्ट इंडिजचं झालं असं की त्यांची अकादमी त्यांच्या घरात नव्हतीच. ती इंग्लंडच्या कौंटीत, म्हणजे तिथल्या घरगुती क्रिकेटमध्ये होती. मार्शल आणि ग्रिनिज हॅम्पशायरला, रिचर्ड्स आणि गार्नर सॉमरसेटला, लॉइड लँकेशायरला, होल्डिंग डर्बीशायरला, वॉल्श ग्लॉस्टरशायरला. दर उन्हाळी सहा महिने ओल्या खेळपट्टीवर रोजची मजुरी. कौंटीनं परदेशी गडी कमी केले आणि ती शाळा सुटली. घरी कोणी शाळा बांधलेली नव्हती. जिंकत असताना शेणामातीच्या भिंतीला कोण हात लावतं?

निवृत्त_मास्तर
जामठा_एक्सप्रेस, उत्तम. एक भर घालतो. १९८३ मध्ये त्यांचे अठरा खेळाडू बंडखोरी करून वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेले. क्रॉफ्ट, कालिचरण, सिल्व्हेस्टर क्लार्क. सगळ्यांवर आजन्म बंदी (पुढे १९८९ मध्ये उठली). तरी १९८४ मध्ये इंग्लंडला ५-०. एवढी माणसे गेली तरी काडीचाही फरक पडला नाही. पाठीमागची रांग तेवढी लांब होती. ती नंतर कधीतरी संपली आणि पुढे उभ्या असलेल्यांनी मागे वळून पाहिले नाही.

झाडीबोली
बास्केटबॉलचं कारण कोणी दिलं नाही अजून? इंग्रजी वाहिनीवाले दर दौऱ्यात तेच सांगतात, उंच पोरं अमेरिकेत बास्केटबॉलला जातात म्हणून.

हळदीचं_पान
मी ते मानत नाही. एवढी उंच पोरं गेली म्हणता तर त्यांची मोजदाद कुठं आहे? शिवाय मार्शल स्वतः काही उंच नव्हता, सहा फुटाच्याही आत. ३७६ विकेट, सरासरी २१ च्याही खाली. बिचारा १९९९ मध्ये ४१ व्या वर्षी गेला.

आणि सगळे पुरुष टीमचंच बोलताय. ३ एप्रिल २०१६, कोलकाता, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. ब्रेथवेटनं इंग्लंडच्या स्टोक्सला सलग चार षटकार मारले ते सगळ्यांना आठवतं. त्याच दिवशी त्याच मैदानावर आधी वेस्ट इंडिजच्या बायकांनी ऑस्ट्रेलियाला हरवून वर्ल्ड कप घेतला होता. हेली मॅथ्यूज १८ वर्षांची होती, ६६ केले. आणि यंदा एप्रिलमध्ये वनडे वर्ल्ड कपच्या लाहोरमधल्या पात्रता फेरीत थायलंडविरुद्ध १६७ चं लक्ष्य त्यांनी १०.५ ओव्हरमध्ये गाठलं, तरी नेट रनरेटमध्ये बांगलादेश ०.६३९ आणि ह्या ०.६२६. तेवढ्यावरून वर्ल्ड कप हुकला. आपल्या मुलींनी परवा नवी मुंबईत कप उचलला तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले, आणि मला मध्येच ती हेली आठवत होती.

गावठी_गार्नर
ताई, मार्शलचं बरोबर. आमच्या गावचा बेस्ट बॉलर पन साडेपाच फुटाचा होता. उंच होता तो मी. मले फक्त फांदीवर अटकलेला बॉल काढाले टीममध्ये घेत.

रातपाळी_चाकण
वाचतोय कालपासून, लिहू की नको करत होतो.

मी वाशिम जिल्ह्यातला. आमच्या गावचीही टीम होती. मी ओपनर. आज त्या अकरापैकी सात इकडे चाकण, रांजणगाव आणि तळेगावात आहेत. दोघं नागपूरला, एक सुरतला. गावात एकच आहे, त्याचं चक्कीचं दुकान. टुर्नामेंट लागली की तो फोन करतो, या रे. आम्ही सुपरवायझरकडे बघतो.

पूरनला शिव्या देणाऱ्यांचं मला हसू येतं. त्यानं २९ व्या वर्षी सोडलं, मी २१ व्या वर्षी. सोयाबीनचे भाव बघून बापानंच बॅग भरून दिली. गावच्या पिचवर आता गंजी लागते. मागच्या पोळ्याला गेलो तर लहान पोरं विचारत होती, तुम्ही खेळायचे का खरंच? मी त्यांना दाखवायला बॅट धरली तर हात कारखान्यातली एअरगन धरल्यासारखा जात होता.

रानडुक्कर
...

भाऊ, मी माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धाच.

संत्राबर्फी
@रातपाळी_चाकण, शमार जोसेफ बघितला का? गयानात बाराकारा म्हणून खेडं, तिथं जायला रस्ता नाही, नदीतून बोटीनं. सिक्युरिटी गार्डची नोकरी करत होता. जानेवारी २०२४, ब्रिस्बेन, कारकिर्दीतली दुसरी टेस्ट. स्टार्कच्या यॉर्करनं पायाचा अंगठा ठेचला, मैदान सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी आला आणि ६८ धावांत ७ घेतल्या. आठ रनांनी जिंकले, ऑस्ट्रेलियात सत्तावीस वर्षांनी.

बघा, तिथंही सत्तावीसच.

जामठा_एक्सप्रेस
एक जोसेफ म्हणजे टीम नाही. त्याच्या सहा महिने आधी हीच टीम वनडे वर्ल्ड कपची पात्रता हुकली, इतिहासात पहिल्यांदा. नेदरलँड्सविरुद्ध ३७४ करून बरोबरी आणि सुपर ओव्हरमध्ये एकाच ओव्हरला ३० दिले. मग स्कॉटलंडनंही हरवलं. यंदा २७ नंतर त्यांच्या बोर्डानं बैठक बोलावली, लॉइड, रिचर्ड्स, लारा सगळे. ग्रामसभेला जुने सरपंच बोलवावे तसे. खुर्च्या भरल्या, ठराव झाले असतील. पुढं नेपाळ.

झाडीबोली
नेपाळविरुद्ध मोठे गडी विश्रांतीला होते, हेही लिहा.

जामठा_एक्सप्रेस
लिहिलं. ज्या टीमचे अठरा गडी गेले तरी इंग्लंड धुऊन निघायचं, तिला आता चार गडी झोपले तर नेपाळ जड जातो. माझा मुद्दा तोच आहे.

तर्रीपोहे
धागाकर्ता कुठं आहे? नाव ठरलं का? माझ्याकडून एक सुचवणी: 'वेस्ट विदर्भ'. दारव्हा पश्चिमेलाच आहे. ओरडायला सारखंच, जुनी सवय मोडायला नको.

कापूसकोंड्या
आलो. कापसाला मजूर मिळत नाहीत, दोन दिवस स्वतःच वेचत होतो.

सगळे प्रतिसाद काकांना वाचून दाखवले. ते ओट्यावर, मी खाली, मोबाइलचा उजेड. मास्तरांचं पेन्सिलनं दुरुस्त करणं ऐकून हसले. कौंटीचं ऐकताना मान हलवत होते. चाकणवाल्या भाऊचं वाचलं तेव्हा म्हणाले, थांब. मग काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले. आमच्या वरल्या पुऱ्यातूनही नऊ पोरं बाहेर आहेत. दोघं काकांचीच.

मग त्यांनी एक गोष्ट काढली जी मी कधी ऐकली नव्हती. १९८७ च्या डिसेंबरात ते एसटीनं नागपूरला वेस्ट इंडिजची वनडे बघायला गेले होते. त्या दिवशी पॅटर्सननं २९ रनात ६ काढल्या, आपण दहा रनांनी हरलो. परतताना शेवटची गाडी चुकली, रात्र यवतमाळच्या स्टँडवर काढली. 'वर्ल्ड कप हरून चार वर्स झाले होते त्यायले,' म्हणे, 'पन पोट्टा असा धावत आला का मी खुर्चीवर पाय वर घेतले.' सत्तरीच्या माणसानं ओट्यावर पाय वर घेऊन दाखवले.

'वेस्ट विदर्भ' नामंजूर. म्हणाले हे पुढाऱ्यायच्या पक्षाचं नाव वाटते.

शेवटी पोट्ट्यांशी तोड निघाली. यंदा जर्सीवर 'वेस्टइंडीज'च. टुर्नामेंटमध्ये एकदाही २७ किंवा त्याखाली ऑलआउट झालो, तर पुढच्या वर्षी नाव पोट्टे ठरवतील आणि काका चकार शब्द काढणार नाहीत. त्या बदल्यात काका उद्यापासून संध्याकाळी मैदानावर येणार. आज आलेच होते. टेनिस बॉल हातात घेऊन पाच मिनिटं शिवण शोधत होते.

निवृत्त_मास्तर
काकांना सांगा, अटीत मी त्यांच्या बाजूने.

रातपाळी_चाकण
कोणत्या तारखेला आहे? शनिवार-रविवार असेल तर एक गाडी करून येतो म्हणतो. खेळायला नाही, बघायला.

कापूसकोंड्या
या ना भाऊ. अंपायर कमीच आहेत. पहिलं बक्षीस रोख, दुसरं बोकड.

गावठी_गार्नर
मंग दुसरे या, पहिले कायले येता.

तर्रीपोहे
मॅच किती ओव्हरच्या आहेत पण?

कापूसकोंड्या
सहा.

तर्रीपोहे
मग काकांचं अवघड आहे.